शाल कुणाला, फोटो कुणाचा

१८ डिसेंबर २०२२ ची रात्र. पानठेल्यासमोर शेकोटी पेटलेली आणि एका मोबाइलवर फुटबॉल विश्वचषकाची फायनल चाललेली. कपाशीच्या वेचणीचे दिवस होते, दिवसभर वाकून माणसं थकलेली होती, तरी कुणी घरी जायला तयार नव्हतं. आमच्या भागात फुटबॉल कुणी खेळत नाही. ऑफसाइड म्हणजे नेमकं काय, हे तिथं बसलेल्यांपैकी फार तर दोघांना सांगता आलं असतं. पण ३-३ अशी बरोबरी आणि वर पेनल्टी म्हटल्यावर खेळ कळायची गरज राहत नाही. अर्जेंटिना जिंकली. मेस्सी चषक घ्यायला पुढे आला आणि कतारच्या अमीरांनी त्याच्या खांद्यांवर सोनेरी काठाचा काळा, झिरझिरीत झगा चढवला. त्याची निळी-पांढरी जर्सी अर्धी झाकली गेली.

"त्याले काऊन झगा घालून रायले बे?" एका पोरानं विचारलं.

"सत्कार हाय तो," आबाजी म्हणाले. "शाल-श्रीफळ. नारळ तेवढा इसरले."

सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून जगभर त्या झग्यावर वाद झडला. तिकडचा बिश्त हा मानाचा पोशाख, त्यात वावगं काय, असं एक बाजू म्हणत होती. खेळाडूचा क्षण यजमानानं हिसकावला, असं दुसरी. आबाजींचा निकाल केव्हाच लागला होता. हसू ओसरल्यावर ते निखारे सारखे करत म्हणाले होते, "शाल घेनाऱ्यासाठी नसते बापू. घालनाऱ्याचा फोटो याले पायजे म्हनून असते."

आबाजींना हे कतारवरून कळलेलं नव्हतं. ते आमच्या पटावरून कळलेलं होतं.

गाव वर्धा नदीच्या काठाला आहे. एके काळी नदीनं गाळ दिला, आता रेती देते. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आमच्याकडे पूर्वीपासून. तळेगाव दशासरच्या पटाचं नाव मोठं, आमचा त्यामानानं किरकोळ, पण पंचक्रोशीतल्या जोड्या यायच्या. पट वर्गणीतून भरायचा. कुणी दहा रुपये, कुणी ज्वारीची पायली, कुणी नुसतं कबूल करून ठेवायचं. बक्षीस म्हणजे पितळी घागर नाहीतर फेटा. स्टेज नव्हतंच. कडुनिंबाखाली एक टेबल आणि त्यावर घड्याळ घेऊन बसलेले गुरुजी. जोडी सुटली की लोक बैलांकडे बघायचे आणि ती हाकणाऱ्या धुरकऱ्याकडे, दुसरीकडे बघायला काही नव्हतंच. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पट बंद झाला. २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली, तेव्हा गावाला वाटलं आपला पट परत आला.

परत आला तो दुसऱ्याच कुणाचा तरी होऊन. मधल्या काळात रेतीच्या धंद्यातून एक 'भाऊ' मोठे झाले होते. रॉयल्टी एका टिप्परची आणि रेती किती टिप्परची, हे गावातल्या लहान पोरालाही माहीत. शेताकडे जाणारा पांदण रस्ता त्या टिप्परांनी उखडला. पावसाळ्यात बैलबंडी निघत नाही, गरोदर बाईला दवाखान्यात न्यायचं तर ट्रॅक्टर लागतो. आता पहिलं बक्षीस मोटरसायकल, वेळ मोजायला डिजिटल यंत्रणा, चार दिशांना भोंगे आणि जिथं नजर जाईल तिथं भाऊंचे हात जोडलेले फ्लेक्स. बिछायत केंद्रवाल्यानं घातलेलं स्टेज तर आमच्या शाळेच्या वर्गखोलीपेक्षा मोठं.

बाहेरून आलेल्या माणसाला वाटेल, लोकांनी भाऊंबद्दलचं मत बदलावं म्हणून हा खर्च आहे. तसं काहीच होत नाही. पटाच्या मैदानात उभं राहूनच लोक भाऊंना शिव्या देतात, आणि जोडी सुटली की त्याच तोंडानं आरोळ्या ठोकतात. मत होतं तिथंच राहतं. बदलते ती खुर्ची. उद्घाटनाला ठाणेदार येतात, तहसीलदार येतात, दोन पक्षांचे नेते येतात आणि भाऊंच्या डाव्या-उजव्या बाजूला बसतात. खेळाचं निमंत्रण नाकारणं अवघड असतं. भाऊंच्या घरी जेवायला जाणं चर्चेचा विषय होईल, पटाला जाणं नाही. तिथं तर सगळा गाव असतो. दुसऱ्या आठवड्यात रेतीच्या टिप्परची तक्रार घेऊन कुणी तहसील कार्यालयात गेला, तर त्याच्या डोक्यात तो फोटो असतो. साहेबांच्याही डोक्यात असतो. कुणी कुणाला काही बोलायची गरजच पडत नाही.

देश जेव्हा अब्जावधी ओतून स्पर्धा भरवतात, तेव्हा त्यांना 'प्रतिमा सुधारायची' असते असं सगळीकडे लिहिलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. लोकांनी विसरावं, माफ करावं, प्रेम करावं, ही अपेक्षा बहुधा त्यांचीही नसते. त्यांना शेजारची खुर्ची भरलेली हवी असते.

सौदी अरेबियाच्या युवराजांनी हे जवळजवळ कबूलच केलं आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात पत्रकार जमाल खशोगी यांची इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत हत्या झाली आणि काही काळ या युवराजांशी, मोहम्मद बिन सलमान यांच्याशी, हस्तांदोलन करायलाही पुढारी बिचकत होते. २०२१ मध्ये सौदीच्या सरकारी गुंतवणूक निधीच्या पुढाकारानं न्यूकॅसल हा इंग्लंडमधला जुना क्लब विकत घेतला गेला. मग गोल्फ, मुष्टियुद्ध, रोनाल्डो. २०२३ च्या सप्टेंबरात एका अमेरिकी वाहिनीनं त्यांना स्पोर्ट्सवॉशिंगच्या, म्हणजे खेळ भरवून बदनामी धुऊन काढण्याच्या, आरोपाबद्दल विचारलं. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की, त्यानं माझ्या देशाचं उत्पन्न एक टक्क्यानं वाढत असेल तर मी ते करतच राहीन. संकोच नाही, सारवासारव नाही. वर्षभरानं, २०२४ च्या डिसेंबरात, २०३४ चा विश्वचषक सौदीला मिळाला. दुसरा दावेदारच नव्हता. आमच्या भाऊंनी ती मुलाखत पाहिली असती तर मान डोलावली असती.

खुर्च्यांचं म्हणाल, तर १४ जून २०१८ चा मॉस्कोतला एक फोटो बघण्यासारखा आहे. रशियाच्या विश्वचषकाचा सलामीचा सामना, रशिया विरुद्ध सौदी. मधे फिफाचे अध्यक्ष इन्फान्टिनो, एका बाजूला पुतिन, दुसऱ्या बाजूला तेच युवराज. रशियानं पाच गोल मारले. गोल झाला की पुतिन युवराजांकडे बघून 'काय करणार' अशा अर्थानं खांदे उडवायचे. चार वर्षांपूर्वी सोची इथं हिवाळी ऑलिम्पिक भरवून, त्याचा समारोप होऊन महिना उलटायच्या आत रशियानं युक्रेनचा क्रिमिया गिळलेला होता. ते त्या फोटोत कुठंच दिसत नाही. २०२२ मध्ये युक्रेनवर सरसकट हल्ला झाल्यावर काही दिवसांतच फिफानं रशियाला स्पर्धांतून बाहेर काढलं. म्हणजे खुर्ची काढूनही घेता येते. आधी का घेता आली नाही, एवढंच विचारायचं उरतं.

या सगळ्यांचं मूळपीठ म्हणजे १९३६ चं बर्लिन ऑलिम्पिक, आणि तिथं आमचा संबंध येतो. अमरावतीच्या लोकांनाही हे सांगितलं की ते आश्चर्यानं बघतात. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत सुरू केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक त्या ऑलिम्पिकच्या वेळी बर्लिनला गेलं होतं आणि त्यानं तिथं कबड्डी, मल्लखांब अशा देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. वऱ्हाडातली, आखाड्याच्या लाल मातीत घडलेली पोरं, बोटीनं युरोपात. मला त्या पोरांचा विचार करायला फार आवडतं. त्यांनी काय खाल्लं असेल, परक्या हवेत लंगोट कसून मल्लखांबावर चढताना काय वाटलं असेल.

आणि त्यांना काय दिसलं असेल? स्वच्छ रस्ते. हसतमुख स्वयंसेवक. जागोजाग झेंडे. ज्यूंना मज्जाव करणाऱ्या पाट्या त्या काळापुरत्या उतरवलेल्या होत्या. ग्रीसहून धावपटूंनी हातोहात आणलेली ज्योत. ती प्रथाच त्या वर्षी सुरू झाली, आणि आज आपण ती प्राचीन समजून बसतो. काय दिसलं नसेल? ऑलिम्पिकच्या दोन आठवडे आधी, १६ जुलैला, बर्लिनमधल्या शेकडो रोमा, म्हणजे जिप्सी, कुटुंबीयांना पोलिसांनी धरून शहराबाहेर मार्त्सान इथं सांडपाण्याच्या शेतांजवळ नेऊन ठेवलं होतं. उत्तरेला ओरानियनबुर्गजवळ त्याच उन्हाळ्यात झाक्सनहाउझेनची छळछावणी बांधली जात होती. उंच उडीतली ज्यू खेळाडू ग्रेटल बेर्गमान हिनं जर्मन विक्रमाची बरोबरी केली होती, तरी तिला संघात घेतलं गेलं नाही. अमेरिकेचा संघ बोटीत बसून निघेपर्यंत मात्र तिचं नाव आशेवर ठेवलं होतं. अमेरिका बहिष्कार घालेल ही धास्ती खरी होती. १९३५ च्या डिसेंबरात तिथल्या क्रीडा संघटनेत मतदान झालं आणि जाण्याच्या बाजूनं निसटता कौल आला. अमेरिका आली, म्हणजे बाकीच्यांना न येण्याचं कारण उरलं नाही. ठाणेदार आले की तहसीलदार येतातच.

जेसी ओवेन्सनं चार सुवर्णपदकं जिंकून हिटलरचा वंशश्रेष्ठत्वाचा दावा धुळीला मिळवला, हे आपण सगळे शाळेपासून ऐकत आलो. ध्यानचंदांच्या संघानं १५ ऑगस्टला अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असं लोळवलं, तेही ऐकलेलं असतं. मला या गोष्टी प्रिय आहेत, पण त्यांच्यामुळे एक सोय होते: खेळानं हुकूमशहाला हरवलं असं वाटून आपण मोकळे होतो. हिटलर काही हरला नाही. पदकतालिकेत जर्मनी पहिली आली. परदेशी पाहुणे घरी जाऊन व्यवस्थेचं कौतुक करत राहिले.

आमच्या पोरांचं काय मग? त्यांनी जाऊ नये होतं का? मी यावर बरेचदा घोटाळलो आहे आणि माझं उत्तर 'नाही' असंच येतं. ज्यांना स्वतःचा देश नव्हता, ज्यांच्या नावापुढे इंग्रजांचा झेंडा लागत होता, त्यांनी जगाला 'हे आमचे खेळ, ही आमची शरीरं' असं दाखवायला जाणं, हेही प्रतिमा उभी करणंच होतं. ध्यानचंदांच्या संघानं अंतिम सामन्याआधी खेळाडूंच्या खोलीत काँग्रेसच्या तिरंग्याला वंदन केलं होतं. त्या पोरांकडे पडद्याआड ढकलायला कुणी नव्हतं, यजमानाकडे होतं. फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे. एकाच मैदानावर दोन प्रकारची माणसं जगाला आपलं तोंड दाखवत होती.

तसं पाहिलं तर प्रतिमेसाठी खेळ भरवणं यात मुळात पाप नाही. १९६४ च्या टोकियोत ज्योत पेटवायला जपाननं योशिनोरी साकाई या मुलाला निवडलं. त्याचा जन्म हिरोशिमा प्रांतातला आणि तारीख ६ ऑगस्ट १९४५. बॉम्ब पडला त्याच दिवशीची. युद्धात सगळं गमावलेला देश जगाला सांगत होता की आम्ही उभे आहोत. तेही प्रदर्शनच. पण त्यात जखम झाकली नव्हती, तिलाच पुढं केलं होतं.

दिवे मात्र यजमानाच्या सोयीनंच प्रकाश टाकतील याची खात्री नसते. १९७८ च्या अर्जेंटिनात लष्करी राजवट होती. हजारो तरुण-तरुणी घरातून उचलून नेलेल्या, पुढे त्यांचा पत्ता नाही. नौदलाची यांत्रिकी शाळा हे छळाचं मोठं केंद्र, आणि तिथून रिव्हर प्लेट क्लबचं, स्पर्धेचं मुख्य मैदान चालत जाण्याच्या अंतरावर. तिथून वाचलेल्यांनी नंतर सांगितलं की कोठडीत गोलचा जल्लोष ऐकू यायचा. राजवटीनं प्रतिमा सांभाळायला अमेरिकेतली जनसंपर्क कंपनी नेमली होती. स्पर्धा सुरू झाली १ जूनला, गुरुवारी. गुरुवार हा मायो चौकातल्या आयांचा वार. डोक्याला पांढरा रुमाल बांधून त्या दर गुरुवारी चौकात फेऱ्या मारायच्या: आमची लेकरं कुठं आहेत? उद्घाटनाच्या दिवशीही त्या आल्या. नेदरलँड्सच्या दूरचित्रवाणीच्या लोकांनी कॅमेरा मैदानाऐवजी तिकडे वळवला आणि त्या आयांचा आकांत युरोपातल्या घराघरांत पोचला. जनरल विडेलांनी चषक दिला, अर्जेंटिना जिंकली, रस्त्यावर लोक नाचले. राजवट आणखी पाच वर्षं टिकली. पण ते चित्रीकरण झालं ते झालंच.

कतारचंही काहीसं तसं. २०१० मध्ये यजमानपद मिळालं तेव्हा तिथं कामगाराला मालक बदलायचा तर जुन्या मालकाचंच संमतीपत्र लागायचं. पुढची दहा वर्षं पत्रकार आणि कामगार संघटना त्याच्या मागे लागल्या. २०२० मध्ये ती अट गेली, २०२१ मध्ये महिना एक हजार रियाल किमान वेतन सगळ्यांना लागू झालं. अंमलबजावणीबद्दल तक्रारी आहेत आणि मेलेल्या मजुरांचे आकडे आजही वादात आहेत. मी कतारचं कौतुक करत नाही. एवढंच म्हणतो की स्टेडियम नसतं, तर नेपाळच्या गवंड्याबद्दल जगानं एक ओळही छापली नसती. त्याला ती ओळ यजमानानं दिली नाही, दुसऱ्या कुणीतरी मिळवून दिली.

हे आपल्याकडेही घडलेलं आहे, आणि त्याचा आपल्याला अभिमान असायला हवा. १९८२ चं एशियाड म्हणजे माझ्या पिढीला अप्पू हत्ती आणि रंगीत टीव्ही. आमच्या तालुक्याच्या गावी एकाच घरी तो टीव्ही होता आणि त्यांच्या ओसरीवर जत्रा भरायची. त्या स्टेडियमांवर आणि उड्डाणपुलांवर राबणाऱ्या मजुरांचं किमान वेतन होतं दिवसाला ९ रुपये २५ पैसे. त्यातून मुकादम रुपया कापून घ्यायचा. काही अभ्यासकांनी पाहणी केली, त्यावर पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेनं सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं आणि न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं. स्पर्धेला दोन महिने उरले असताना, १८ सप्टेंबर १९८२ ला, न्यायमूर्ती भगवतींच्या निकालात आलं की किमान वेतनाहून कमी पैशात राबवून घेणं ही राज्यघटनेच्या २३ व्या कलमानं निषिद्ध ठरवलेली वेठबिगारीच होय. त्या स्पर्धेत कोण किती पदकं जिंकलं ते मला आता आठवत नाही. हा निकाल अजून न्यायालयांत उद्धृत होतो.

२०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. झोपड्यांसमोर उभे केलेले पडदे, उद्घाटनाला दोन आठवडेही नसताना नेहरू स्टेडियमजवळ कोसळलेला पादचारी पूल, पुढं घोटाळ्याच्या चौकश्या. प्रतिमा उंचावायला निघालो आणि हसं करून घेतलं. आता २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाली आहे, २०३६ च्या ऑलिम्पिकवर डोळा आहे. याच अहमदाबादेत २०२० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष स्टेडियमवर यायचे होते, तेव्हा त्यांच्या वाटेवरच्या झोपडपट्टीपुढे भिंत बांधली गेली होती.

आमच्याकडून सेंटरिंगच्या, फरशीच्या कामाला पोरं सुरत-अहमदाबादला जातात. मेळघाटातली कोरकू कुटुंबं होळी झाली की बाहेर पडतात. सोयाबीनचं गणित बसलं नाही की गावातला आणखी एक जण कमी होतो. दिवाळीला आलेल्या अशाच एका पोराशी मी या स्पर्धांबद्दल बोलत बसलो होतो. तो माझाच जुना विद्यार्थी, चौथीत कबड्डीत पकडीला बरा होता. मी त्याला म्हटलं, तुझ्याच शहरात होणार आहे, बघायला मिळेल.

"तिकीट कायले काढा लागते गुरुजी," तो म्हणाला. "आपुन तं आंदरच राहू. उद्घाटनाच्या आदल्या दिवसापर्यंत."

मग मी त्याला १९८२ ची गोष्ट सांगितली. नऊ रुपये पंचवीस पैसे, कापलेला रुपया, पत्र, निकाल, सगळं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. त्याच्या ठेकेदाराकडे त्याची तीन महिन्यांची रोजी अडकलेली होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. खिशातून मोबाइल काढून तो म्हणाला, "थ्या पत्र लिवनाऱ्यायचा पत्ता भेटन का गुरुजी?"